पाय धुण्याची रंगीत तालीम

“ए बाई, बस. पाय दे.”

कॉलेजात जाणारी एक पोरगी माझ्या आईला असं म्हणाली. बुकित तिमाहच्या श्रीमंत वस्तीतल्या एका कॉन्डोच्या हॉलमध्ये, चारचौघांत. मग तिने निळे रबरी हातमोजे चढवले आणि आईचे पाय टबात घेतले.

पोरगी सिंगापुरी चिनी, इथलीच. मराठीचा गंध नाही. तिने मॅडमकडे वळून विचारलं, “करेक्ट ऑर नॉट, आंटी?”

“व्हेरी गुड,” मॅडम म्हणाल्या.

मॅडम मराठीच, घरही त्यांचंच. आमच्या चर्चच्या सेवा-दौऱ्याच्या प्रमुख. दरवर्षी आठवडाभर गरिबांची सेवा करायला टीम जाते. मागच्या वर्षी क्वालालंपूरला निर्वासितांकडे, यंदा मुंबईच्या झोपडपट्टीत. तिथे लोकांचे पाय धुवायचे, येशूने शिष्यांचे धुतले तसे. त्याची ही तालीम. मराठी वाक्यं मॅडमनीच बसवून घेतली होती. ए बाई. बस. पाय दे. ‘तू’ आणि ‘तुम्ही’तला फरक त्या पोरीला ठाऊक नव्हता. मॅडमना होता. घरात नवऱ्यालाही त्या ‘अहो’ म्हणतात.

तो नवरा माझा साहेब. माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे राहून नोकरी करायचा परवाना, लवकरच रिन्यू व्हायचा होता, आणि तो त्यांच्या हातात. म्हणून “आई आलीये ना तुझी? रविवारी घेऊन ये,” असं मॅडम म्हणाल्या तेव्हा मी हुरळून गेले. वाटलं, जेवायला बोलावलंय. आईलाही तसंच वाटलं. बुकित बातोकच्या माझ्या फ्लॅटमधून निघताना तिने नाताळची रेशमी साडी नेसली आणि डबाभर करंज्या घेतल्या.

मॅडमनी दारातच तिला न्याहाळलं. “साधी साडी नव्हती का गं? आज तालमीत हिचेच पाय धुवायचेत. व्हिडिओत ही साडी बरी दिसत नाही.” आतून एक विटकी चादर आणून त्यांनी आईच्या खांद्यावरून गुंडाळली. मी ते होऊ दिलं. पास डोळ्यांपुढे होता.

आईने मिशनच्या दवाखान्यात आयाचं काम करत जन्म काढला. परक्यांचं रक्त, घाण, सगळं उघड्या हातांनी उपसलं. आणि तिच्या पायांना हात लावायला रबर. मला राहवेना. मी मॅडमजवळ जाऊन हळूच विचारलं, “हातमोजे कशाला?”

“मुलांच्या आईबापांना काय सांगू मी?” त्या हसत हसत मराठीत म्हणाल्या, टीमला कळू नये म्हणून. “या लोकांच्या पायांना काय काय असतं. आम्ही विचार करून ख्रिस्ती झालो. तुम्ही पोटासाठी झालात. तुम्हाला नाही कळायचं.”

त्यांचं घराणं मूळचं ब्राह्मण, आमचं महारवाड्यातलं. पिढ्या उलटल्या. आता एकाच बाकावर बसून प्रार्थना करतो. तरी बाईला आमचं कूळ पाठ.

आईने ऐकलं. तिची मान खाली गेली. गावात वरच्या आळीतली शेंबडी पोरं तिला ‘ए’ म्हणून हाक मारायची, तेव्हा ती अशीच खाली बघायची.

माझं डोकं फिरलं. चादर ओढली, फेकली. आईचे पाय बाहेर काढून ओढणीने पुसले. तिला उठवलं आणि ती खुर्ची मॅडमपुढे सरकवली.

“ए बाई, बस. पाय दे.”

मॅडम पांढऱ्याफटक. “माझ्याशी एकेरीवर येतेस? माझ्याशी?”

“तूच शिकवलंस.”

त्या पोरीला मी इंग्रजीत सांगितलं, तुझ्याकडून काय वदवून घेतलंय ते. ती मॅडमकडे बघून कसनुशी हसली. “बट आंटी इज इंडियन. शी शुड नो, लाह.” हातमोजे तिच्या हातात तसेच होते.

घरी जाताना एमआरटीच्या गाडीत आई माझा हात धरून म्हणाली, “माफी माग गं. नोकरी आहे तुझी.” दुसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावून तेच सांगितलं. “सॉरी म्हण. दुभाषी म्हणून टीमबरोबर जा. पासचं मी बघतो.”

नाही म्हटलं. तोंडावर. माझ्या माणसांना माझ्याच भाषेत खाली बसवायचं, आणि ते काम मी करायचं? थुंकते मी असल्या सेवेवर.

पास अजून आलेला नाही. काल आई माझ्या नकळत मॅडमना फोन लावत होती, माझ्या वतीने हात जोडायला. मी फोन काढून घेतला. ती रडली. रडू दे. पास गेला तर दोघी बॅगा उचलू आणि चांगीवरून विमानात बसू. पण या घरातून त्या घरात माफी जाणार नाही. माझी नाही. आईची तर नाहीच नाही.