वीज अंगात राहत नाही

वेल्डिंगच्या उजेडाकडे पाहू नये, हे आपल्याला लहानपणापासून बजावलेले असते, आणि तरीही तो पाहिल्यावाचून राहवत नाही. गोंदियाजवळच्या गोरेगावात बाजाराच्या दिवशी एसटीची वाट पाहत उभी असले, की रस्त्यापलीकडच्या दुकानातून तो निळसर-शुभ्र, कर्कश उजेड भर दुपारच्या उन्हालाही फिके पाडत डोळ्यांत घुसतो. जळक्या लोखंडाचा तिखट वास नाकाला झोंबतो. डोळे मिटून घेतले तरी पापण्यांच्या आत एक जांभळी रेघ काही वेळ तरंगत राहते. काडीच्या टोकाशी तेव्हा हवाच पेटलेली असते. अणूंचा संसार मोडून इलेक्ट्रॉन सैरावैरा सुटलेले असतात. पदार्थाच्या या चौथ्या अवस्थेला प्लाझ्मा म्हणतात. नाव परके, पण वस्तू किती सनातन! सूर्य तोच, तारे तेच, आणि आषाढातल्या आभाळाला चिरत जाणारी वीजही तीच.

मी गोंदियाला कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते आणि विज्ञानकथांचे मला जुने, निर्लज्ज व्यसन आहे. त्या कथांतले योद्धे प्लाझ्माचे तेजस्वी गोळे एकमेकांवर भिरकावतात, ते गोळे अंधार कापत सरळ रेषेत जातात आणि शत्रूची नौका वितळवून टाकतात. दरवर्षी वर्गात कुणीतरी विचारतेच, "मॅडम, प्लाझ्मा गन सच में बन सकती है क्या?" आणि दरवर्षी मी त्या स्वप्नाला सुरुंग लावते. अरे, भाताच्या भांड्यावरचे झाकण काढा आणि ती वाफ मुठीत धरून शेजाऱ्याला फेकून मारा, जमते का पाहा! प्लाझ्मा म्हणजे वाफेहूनही विरळ, वाफेहूनही उतावीळ असा वायू. त्याला आवळून धरायला भोवती प्रचंड चुंबके लागतात. बंदुकीच्या नळीतून तो बाहेर पडला की चुंबके मागे राहतात, आणि तो चहूकडे फाकतो, निवतो, सुटलेले इलेक्ट्रॉन पुन्हा आपापल्या घरी परततात. डोळ्याचे पाते लवायच्या आत त्या भयंकर अस्त्राची कोमट हवा झालेली असते. विश्वातल्या सर्वांत दाहक द्रव्याला स्वतःला सावरून धरण्याची शक्ती नसावी, यात मला नेहमीच एक कारुण्य वाटत आले आहे.

हे सारे मी यशोदालाही सांगितले होते. यशोदा माझ्या धाकट्या भावाची, रामूची बायको. कामठ्याला माहेरी गेले की ती धान पाखडत बसे आणि मी तिला वाचलेल्या कथा ऐकवत असे. तिला माझ्या प्राध्यापकीचा धाक कसला तो नव्हताच. "मंग बाई, लढाई होते तरी कशी?" ती सूप थांबवून म्हणाली होती, "आगीचा गोरा तं वाटेतच इझून जाते! अशानं दुश्मन हासून हासूनच मरन." आणि स्वतःच इतकी हसली होती, की सुपातले निम्मे धान अंगणात सांडले. माझ्या आयुष्यात तिच्याइतकी चोखंदळ श्रोती मला दुसरी मिळाली नाही, आणि आता मिळणारही नाही.

गेल्या आषाढात रोवणीच्या दिवसांत मी कामठ्याला होते. बायका बांध्यांतून, चिखलाने भरलेल्या धानाच्या खाचरांतून, ओणव्या होऊन धानाची रोपे लावत होत्या, आणि मी घरी त्यांच्यासाठी भात रांधत होते. दुपारी आभाळ काळवंडून आले. पावसाची सर आली तशा साऱ्या जणी धावत बांधावरच्या मोहाच्या झाडाखाली गेल्या, आणि वीज त्या मोहावरच उतरली. बाकीच्या दूर फेकल्या गेल्या, भेदरल्या, पण उठल्या. यशोदा उठली नाही. शेजारची शकुन चिखलाने माखलेली, धापा टाकत दारात आली आणि एवढेच म्हणाली, "बाई, चला! यशोदावर इज पडली."

मी धावत पोचले. वावराच्या कडेला शेणखताचा खड्डा होता. त्यात यशोदाला गळ्यापर्यंत पुरले होते. आमच्याकडची ही जुनी रीत आहे: वीज पडलेल्या माणसाच्या अंगात ती वीज कोंडून बसते, त्याला हात लावणाऱ्यालाही धरते, आणि शेण तेवढे ती ओढून घेते, अशी समजूत. म्हणून तिला कुणी हातांनी उचललेही नव्हते. कोरड्या बांबूंनी लोटत, पोती अंगाखाली सरकवून ओढत त्यांनी तिला तिथवर आणले होते. तिचा चेहरा स्वच्छ होता, कपाळावरचे कुंकू पावसाने थोडेसे ओघळले होते, आणि सारे गाव रिंगण करून, हात आखडून, वीज उतरण्याची वाट पाहत उभे होते. त्या रिंगणात रामूही होता. "बाई, हात नोको लावू!" तो ओरडला. "करंट आहे तिच्या आंगात! शेन वढून घेऊन राहिलं."

मी हात लावला. दोन्ही हातांनी शेण उपसले, तिला बाहेर ओढले, छाती दाबत राहिले, तोंडाने श्वास भरत राहिले. मला काहीही झाले नाही, हे सगळ्यांनी पाहिले. पण बघणाऱ्यांना वाटले, शेणाने वीज ओढून घेतली म्हणूनच बाई वाचल्या! गोंदियाच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरने मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात सांगितले, की अशा वेळी पुष्कळदा हृदय फक्त थबकलेले असते. पडल्यापडल्या कुणी छाती दाबली असती, तर कदाचित. रामू लांबच्या बाकावर बसला होता, त्याच्या हातांना अजून त्या पोत्याचे तूस चिकटलेले होते.

विज्ञान किती एकसारखे असते, आणि किती निर्दय! जे सत्य मी वर्गात हशा पिकवत सांगते, तेच हे सत्य. आभाळातली वीज म्हणजे हवेत क्षणभर उघडलेली प्लाझ्माची वाट. तिच्यातून प्रवाह वाहतो तोवरच ती असते, प्रवाह संपला की ती विझते आणि मागे नुसता गडगडाट उरतो. जी आग चुंबकांच्या तुरुंगातही मोठ्या मुश्किलीने टिकते, ती यशोदाच्या बरगड्यांत कोण कोंडून ठेवणार होते? आग ही एखादी वस्तू आहे, ती गोळा करून ठेवता येते, फेकता येते, अंगात साठते आणि शेणात उतरते, हा भ्रम विज्ञानकथेच्या लेखकाचा आणि कामठ्याच्या शेतकऱ्याचा अगदी एकच. फरक इतकाच, की लेखकाच्या चुकीने कुणी मरत नाही. मला त्या दिवसांत दोघांचाही राग आला, पावसाचा आला, मोहाच्या झाडाचाही आला.

तेरवीच्या दिवशी पंगती उठल्यावर रामू माझ्याजवळ येऊन बसला. "बाई," तो म्हणाला, "आम्ही टाइम नाही लावला ना? लगेच पुरलं तिले. आनखी लवकर पुरलं असतं तं वाचली असती का?" मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि गप्प बसले. आपण जराही उशीर केला नाही, हाच त्या माणसाच्या गाठीला उरलेला एकमेव दिलासा होता. तो काढून घ्यायला मी कोण? सत्य नेहमी सांगितलेच पाहिजे, असे म्हणणाऱ्यांनी एकदा अशा अंगणात बसून पाहावे.

यंदा रोवणीच्या तोंडावर मी पुन्हा कामठ्याला गेले. वावराच्या वाटेवर जागोजागी, बांध्यांच्या अगदी लगत, ताज्या शेणाचे ढीग घातलेले दिसले. शकुनला विचारले, तर ती कौतुकाने म्हणाली, "रामूभाऊनं घालाले लावले. यशोदाच्या वक्ती खड्डा दूर पडला ना. आता कोनावर पडली तं चटकन पुरता येईन." माझ्या दयाळू मौनातून हे उगवले होते. माझा भाऊ घरोघर हिंडून, स्वतःच्या दुःखातून शिकून, गावाच्या पुढच्या मरणाची तयारी करत होता.

गावाला सांगणे भागच होते, पण त्याआधी त्याला. त्याच मोहाच्या बुंध्याशी, वरपासून खालपर्यंत साल सोललेल्या त्या झाडाजवळ, मी त्याला सगळे सांगितले: अंगात काही राहत नाही, हात लावला तर काही होत नाही, आणि दवाखान्यात डॉक्टर काय म्हणाले तेही. तो ऐकत राहिला. मला वाटले होते तो चिडेल, नाही म्हणेल, मला चार शब्द सुनावेल. तसे झाले असते तर मला बरे वाटले असते. तो म्हणाला, "मी तिले पोत्यानं वढलो, बाई." आणि मग, "कसं दाबतेत, ते दाखव मले."

घरी येऊन आम्ही कोंड्याचे पोते ओसरीवर आडवे टाकले. तळहातावर तळहात कसा ठेवायचा, कोपर ताठ कसे धरायचे, किती खोल दाबायचे, ते मी दाखवले. आणि दवाखान्याची गाडी येईपर्यंत थांबायचे नाही, हेही सांगितले. रामू गुडघे टेकून बसला आणि दाबू लागला. पहिल्यांदा बिचकत, मग नीट, मग सगळा भार टाकून. शकुन आणि दोघी-तिघी बायका पदर तोंडाशी धरून बघत होत्या. कोंडा शिवणीतून उडून त्याच्या केसांवर बसत होता, नाकाच्या शेंड्यावरून घाम पोत्यावर टपकत होता. "पुरे, रामू," मी म्हणाले, "जमलं तुले."

"गाडी आली का?" त्याने मान वर न करता विचारले, आणि तो दाबत राहिला.