एका संध्याकाळी एक खेळी

तुझ्या आजोबांच्या मामांइतका बिनकामाच्या गोष्टी मन लावून करणारा माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. परवा फोनवर तू म्हणालास की तिकडे कशात मन लागत नाही, आणि डॉक्टरांनी एखादा छंद लावून घ्यायला सांगितलं आहे. तेव्हापासून मामा सारखे आठवताहेत. त्यांना छंद हा शब्द आवडत नसे. ते म्हणत, "सूनबाई, दिवसातून एक तरी गोष्ट अशी करावी की जिचा कोणालाही काडीचा उपयोग नाही. उपयोगाच्या गोष्टी कारखाना करून घेतोच."

मी लग्न होऊन चिंचवडला आले तेव्हा स्टेशनच्या बाजूला मोजकी घरं होती. पिंपरीला औषधाचा कारखाना सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, आणि आज निगडीला माझ्या गॅलरीतून दिसतात त्या इमारतींच्या जागी नुसता माळ होता. मामा आमच्याच घरी राहत आणि त्या कारखान्याच्या फाटकावर टाइमकीपर होते. कोण किती वाजता आला, कोण किती उशिरा आला, हे पाहण्यात त्यांचा दिवस जाई. म्हणून घरी आल्याबरोबर ते मनगटावरचं घड्याळ काढत आणि तांदळाच्या डब्यात खोल खुपसून ठेवत. मला कोणी हे सांगितलं नव्हतं. नवी सून म्हणून पहिल्यांदा भाताचे तांदूळ काढायला गेले, तर डबा टिकटिक करत होता. मी इंग्रजी चौथीपासून, म्हणजे आताच्या आठवीपासून, पुण्याच्या शाळेत शिकलेली, भुताखेतांवर विश्वास न ठेवणारी, पण वाटी टाकून मागच्या अंगणात पळाले. मामा शांतपणे म्हणाले, "त्याला तिथे निजू दे. दिवसभर माझ्या मानगुटीवर बसलेलं असतं."

सकाळी न्हाणीघरात ते एक पद म्हणत. ते पद एकाच ओळीचं होतं, कारण पुढची ओळ त्यांना कधी आठवली नाही, आणि आठवण्याचा प्रयत्न करताना चेहऱ्यावर जो आनंद असे तो पूर्ण पद येणाऱ्यांच्या चेहऱ्यावर मी पाहिलेला नाही. संध्याकाळी कुंपणाच्या गुलबक्षीला पाणी घालताना ते एकेका रोपाची चौकशी करत. पवना नदीवर फिरायला गेले की एक गोटा उचलून आणत आणि अंगणाच्या भिंतीवर मांडत. माझ्या सासूबाई, म्हणजे त्यांची धाकटी बहीण, एकदा वैतागून म्हणाल्या की दादा, या दगडांचं करायचं काय. मामा म्हणाले, "काही नाही. तो कधीचा पाण्यात उभा होता, जरा बसायला आणलाय." मला टापटीप लागते हे तुम्ही सगळे जाणता. तरी त्या भिंतीवरचा एकही गोटा मी सरळ रांगेत लावला नाही.

पण त्यांची खरी गोष्ट होती ती बुद्धिबळाच्या पटाची. सासूबाईंनी मला ती पहिल्याच महिन्यात सांगितली, म्हणजे मी पुढे कधी हसू नये. मामी अचानक गेल्या तेव्हा मामा बोलायचे बंद झाले होते. दाढी करत नसत, ताट पुढे ठेवलं तर ताटाकडे बघत बसत. कारखान्यातून त्यांना रजेवर पाठवलं होतं. असेच एकदा सायकल घेऊन कुठे निघाले आणि मुंबई रस्त्यावर चाक पंक्चर झालं. तिथे एका मुसलमान मेकॅनिकचं दुकान होतं. त्यांना सगळे चाचा म्हणत. पुढे दुकान, मागे घर. चाचांनी पंक्चर काढलं, आणि ठिगळ वाळेपर्यंत समोर पट सरकवून म्हणाले, बसा. त्या संध्याकाळी मामांनी दोन भाकरी मागून घेतल्या. सासूबाई हे सांगताना पदर डोळ्याला लावत.

तेव्हापासून रोज कामावरून परतताना मामा दुकानापाशी उतरत आणि एकच खेळी करत. चाचा रात्रभर आणि दुसरा अख्खा दिवस, चाकं सरळ करता करता, उत्तराचा विचार करत. मामा येईपर्यंत त्यांची खेळी तयार असे. मग मामा आपली करत, अर्धा कप चहा घेत आणि घरी येत. एक डाव पावसाळ्यात सुरू झाला तर होळीपर्यंत चाले. सोंगट्या लाखेच्या होत्या, चाचांच्या लाल आणि मामांच्या काळ्या. मामांचा एक हत्ती कुठेतरी हरवला होता, त्याच्या जागी सायकलचा मोठा नट उभा असे. पट एका पालथ्या खोक्यावर कायमचा मांडलेला, आणि त्याला कोणी हात लावायचा नाही हा दुकानाचा एकमेव नियम. मामा घरी आले की सासूबाई विचारत, "झाली का खेळी?" झाली म्हटलं की त्यांचा जीव भांड्यात पडे.

दोघांत भांडण एकाच गोष्टीवरून होई. मामांनी विलायती नियम वाचले होते, त्यांत प्यादं पहिल्या वेळी दोन घरं जाऊ शकतं. चाचा देशी पद्धतीचे, प्यादं एकच घर. "मामासाब, प्यादा म्हंजी पायदळ हाय. पायदळ एकदम दोन कदम कसं उडंल? तो काय बेडूक हाय?" मामा म्हणत की जग पुढे गेलं चाचा, पायदळाला बूट मिळाले. शेवटी तडजोड झाली, ती जगात दुसरीकडे कुठे झाली नसेल. एकाच पटावर मामा विलायती खेळत आणि चाचा देशी, आणि दोघेही आपण समोरच्याला सवलत देतो आहोत अशा समजुतीत सुखी होते.

मग एका ईदच्या आधी चाचांच्या घरी रंगसफेदी निघाली. चाचा सामान आणायला पुण्याला गेले होते. भाभी, म्हणजे चाचांची बायको, फार चांगल्या मनाची बाई. दुकानही स्वच्छ करू म्हणून तिने ते खोकं बाहेर काढलं, पट ओल्या फडक्याने पुसला, सोंगट्या धुतल्या, आणि इतके महिने कशाही विखुरलेल्या त्या सोंगट्या दोन्हीकडे अगदी सुरेख रांगेत लावून ठेवल्या. नट तेल लावून चकचकीत केला.

संध्याकाळी मामा दुकानात गेले, चाचाही पुण्याहून परतले होते. दोघांनी पट पाहिला. भाभीला कोणी शब्दाने बोललं नाही, ईद तोंडावर होती. डाव तोंडपाठ होता तेव्हा पुन्हा मांडू असं ठरलं, आणि तिथेच सगळं बिनसलं. मामा म्हणाले, "तुमचा घोडा माझ्या वजिरावर होता. मी हरत होतो." चाचा म्हणाले, "न्हाई मामासाब, माझा राजा कोपऱ्यात अडकला हुता. तुमीच जिंकत हुता." दोघेही खरंच तसं समजत होते, की दोघेही दुसऱ्याचं मन राखत होते, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. इतकं खरं की प्रत्येकाला वाटलं समोरचा आपल्यावर दया करतो आहे. मामा म्हणाले, मला फुकटचा विजय नको. चाचा म्हणाले, मला बी नको. नवा डाव सुरू करावा तर जुना सोडल्यासारखं होई, म्हणून पहिलं प्यादं कोणी हलवेना. मामा चहा अर्धा टाकून उठले. दुसऱ्या दिवसापासून ते रुळांच्या बाजूच्या रस्त्याने घरी येऊ लागले.

आधी न्हाणीघर गप्प झालं, नुसता तांब्याचा आवाज येई. मग गुलबक्षी वाळली. भिंतीवर नवा गोटा आला नाही. एके दिवशी मी तांदूळ काढायला गेले आणि डबा वाजत नव्हता. मामा ओट्यावर बसले होते, घड्याळ मनगटावर. सासूबाईंनी ते पाहिलं आणि त्या आत जाऊन देवापुढे बसल्या.

आम्ही बायकांनी प्रयत्न केले. सासूबाईंनी माझ्याबरोबर कोथिंबिरीच्या वड्या पाठवल्या. भाभी म्हणाली की चाचाही हल्ली दिवेलागणीलाच फळ्या लावतात. मी मामांना म्हटलं, सहज जाऊन या. ते म्हणाले, "त्यांनी बोलावलं तर जाईन." भाभीने चाचांना म्हटलं, तेही हेच म्हणाले.

पुढे रस्ता रुंद करायचं ठरलं आणि चाचांनी दुकान देहूरोडला हलवायचं ठरवलं, तिथे लष्करातल्या लोकांच्या सायकली पुष्कळ. निघायच्या दिवशी दुपारी भाभी आमच्या दारात आली. दोन्ही हातांवर तो पट, वर ओढणी टाकलेली. मुंबई रस्त्यापासून ती तशीच, पाऊल मोजून टाकत आली होती. मी घ्यायला पुढे झाले तर तिने मानेनेच नको म्हटलं आणि स्वतः ओट्यावर अलगद ठेवला. "बाई, ह्या बारीला मी काय बी हालवलं न्हाई," ती म्हणाली.

संध्याकाळी मामा आले. त्यांनी ओढणी उचलली. सगळ्या सोंगट्या नव्या डावाच्या जागेवर होत्या, फक्त चाचांचं एक लाल प्यादं पुढे आलेलं होतं. दोन घरं.

सासूबाईंनी चहा आणला तो निवला. मग मामांनी आपलं काळं प्यादं उचललं, आणि ते एकच घर पुढे ठेवलं. मनगटावरचं घड्याळ काढलं, स्वयंपाकघरात गेले, आणि तांदळाच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

गोष्ट इथे संपली असती तर मला फार आवडलं असतं. पद पुन्हा सुरू झालं, गुलबक्षीही धरली. पण देहूरोडला बसने जायला कितीसा वेळ लागतो, तरी कोणी गेलं नाही. मामा म्हणत, खेळी बघायला त्यांनी यावं, मी केली आहे. तिकडे चाचाही बहुधा वाट पाहत असतील की उत्तर घेऊन हे येतील. पावसाळा गेला, थंडी आली. एका रविवारी मामा अखेर कोट घालून देहूरोडला गेले. त्या दुकानात दुसराच कोणी माणूस होता. चाचा आणि भाभी मुलीकडे बार्शीच्या बाजूला कायमचे गेले, एवढंच त्याला ठाऊक होतं. कुठल्या गावी, ते सांगता येईना.

मामा परत आले, पाय धुतले, पटासमोर बसले. आम्ही दोघी दारात उभ्या होतो. त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "सूनबाई, आता त्यांची खेळी आहे. आपण घाई करायची नाही."

मामा गेल्याला किती वर्षं झाली. पट आता माझ्याकडे आहे, निगडीच्या घरात, खिडकीशी. दर शनिवारी मी एकेक सोंगटी उचलून पुसते आणि होती त्याच घरात परत ठेवते, नटसुद्धा. तुम्ही सगळे सुट्टीत याल तेव्हा घरातली कुठलीही वस्तू हलवा. तेवढा पट राहू द्या.