निरंक लिहिलेला रकाना

एका परक्या देशात, एका शाळेच्या दारात, माझ्या डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट मी अहवालात लिहिली नाही. त्या रकान्यात मी ‘निरंक’ असे नोंदवले, आणि बारा वर्षे हे कोणालाही सांगितले नाही, पत्नीलाही नाही.

निरंक म्हणजे सांगण्यासारखे काहीही नाही. सांगोला तालुक्यात शिक्षक असताना मी प्रत्येक निवडणुकीला केंद्राध्यक्ष असे. मतदान संपले की दैनंदिनी भरावी लागते: कोणी दमदाटी केली का, काही गडबड झाली का. एखाद्या रकान्यात चार ओळी दिसल्या, की साहित्य परत घेणारा कारकून खुलासा मागतो आणि मागची रांग ओरडू लागते. सोबतचे एक वडीलधारे गुरुजी मला पहिल्याच वर्षी म्हणाले होते, “सर, सगळीकडं निरंक मारा आन् मोकळं व्हा की. खरं लिवणारा गडी अजून रांगेतच उभा हाय!” आम्ही पोट धरून हसलो होतो. पुढे मी तालुक्याचा प्रशिक्षक झालो, तेव्हा हाच सल्ला, जरा सभ्य शब्दांत, मीही देत असे.

मग एका संस्थेने परदेशातील निवडणुकीसाठी निरीक्षक निवडले, त्यांत माझे नाव आले. सोलापूर स्टेशनवर सहकाऱ्यांनी हार घातला. आपण तिकडे लोकशाही घेऊन चाललो आहोत, असे मला खरोखर वाटत होते.

त्या देशाचे नाव लिहीत नाही. ज्यांच्याविषयी सांगायचे आहे ती माणसे अजून तिथेच राहतात. मतदान केंद्र एका खेड्यातील शाळेत होते आणि केंद्रप्रमुख त्याच शाळेचे मुख्याध्यापक, माझ्याच वयाचे. दोन दिवस मी त्यांना शिकवले. मोजणी झाली की आकडे कागदावर लिहून शाळेच्या दारावर चिकटवायचे, हा तिथला नवा नियम होता. त्यांनी विचारले, “आणि कोणी तो फाडला तर?”

मी म्हणालो, “तुम्ही चिकटवा. पाहायला आम्ही आहोत.”

वर्षानुवर्षे सत्तेवर असलेला अध्यक्ष त्या शाळेत हरला. लष्कराचा अधिकारी आला आणि त्याने आकडे बदलायला सांगितले. मुख्याध्यापकांनी एकदा माझ्याकडे पाहिले, वाटीतली खळ बोटाने कागदाला लावली आणि कागद दारावर चिकटवला. अधिकाऱ्यासोबतच्या एका शिपायाने तो ओरबाडून काढला. दुसऱ्याने बंदुकीचा दस्ता त्यांच्या कानावर हाणला. त्यांना जीपमध्ये घालून नेले, तेव्हा त्यांनी मला हाक मारली नाही. माझ्या हातातल्या अहवालाच्या कोऱ्या नमुन्याकडे मात्र पाहिले.

आमचा पथकप्रमुख म्हणाला, “काही लिहिलेत तर जबाबासाठी थांबावे लागेल. उद्या विमान आहे.” मला भीती वाटली, हे खरे. पण ‘निरंक’ लिहिताना हात थरथरला नाही, हे त्याहून खरे. तो सवयीचा हात होता.

परतल्यावर माझा सत्कार झाला. महाविद्यालयांतून मी व्याख्याने दिली. तो अध्यक्ष आजही सत्तेवर आहे.

मागच्या वर्षी मुख्याध्यापकांच्या मुलीचा ईमेल आला. वडिलांवरच्या खटल्यात न्यायालयात माझा अहवाल वाचला गेला होता: परदेशी निरीक्षकाने काहीही घडल्याची नोंद केलेली नाही, म्हणजे शिपायांनी काही केले नाही, कागद मुख्याध्यापकांनीच फाडला. जुलमी सत्तेलाही कागद लागतो, आणि तो मी पुरवला होता. ते सात वर्षे तुरुंगात राहिले. तिने लिहिले होते, “गाव अजून त्यांना कागद फाडणारा म्हणते. आता ते फार आजारी आहेत. तुम्ही पाहिले होते, एवढे लिहून द्याल?”

आठ महिने मी उत्तर दिले नाही. शेवटी एका दुपारी पत्नीला सारे सांगितले. ती भाजी निवडत होती. मान वर न करता तिने विचारले, “आणि व्याख्यानांत काय सांगत होता तुम्ही?”

दुसऱ्या दिवशी मी प्रतिज्ञापत्र लिहून पाठवले. मुलीचा व्हिडिओ कॉल आला. “हे इथे कुठेही वाचता येणार नाही,” ती म्हणाली. “वाचले तर आम्हालाच उचलतील. उशीर झाला. पण वडिलांना ऐकायचे आहे.”

पडद्यावर एक वाळलेला चेहरा आला. मी वाचू लागलो. त्यांनी हात कानामागे नेला. मुलगी म्हणाली, “त्या माराने उजवा कान गेला. डावाही आता मंद झालाय.”

ते एकदम हसले. “मास्तर, मोठ्याने! मागच्या बाकापर्यंत पोहोचत नाही.”

मी आयुष्यभर हळू बोलत आलो. लोक त्याला नम्रता म्हणत. खिडकी उघडी होती, शेजारचे कुटुंब अंगणात बसले होते. पत्नी खिडकी लावायला उठली. मी तिला थांबवले, उभा राहिलो आणि ओरडून म्हणालो, “कागद तुम्ही फाडला नाही. मी पाहिले होते. तुमच्यावर हात उचललेला मी पाहिला होता, आणि काहीच घडले नाही असे लिहिले. माझे चुकले, गुरुजी. मला क्षमा करा.”