जागचा न हलणारा डाग

आमचे नाना सूर्याला भीत. सापाला नाही, बिबट्याला नाही, आणि चाळीसगावामागच्या ज्या टेकडीवर त्यांनी पत्र्याची वेधशाळा उभारली होती, तिथं या दोघांना तोटा नव्हता. मोजणी खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस रोज सकाळी दुर्बिणीतून सूर्याचं बिंब पांढऱ्या कागदावर पाडी, त्यावरचे डाग रेखाटी आणि महिन्याची चित्रं दक्षिणेतल्या डोंगरावरच्या मोठ्या वेधशाळेला टपालानं धाडी. तिथून पोच आली की आठवडाभर स्वारी ताठ मानेनं चाले.

रविवारी टेकडी लोकांना मोकळी असे. पार दोंडाईच्याहून माणसं येत. कुणी दुर्बिणीला डोळा लावायला वाकलं, की नाना काठी आपटत. "भाऊ, कागदवर देख. सूर्य डोया मांगस." मी शाळेत गणित शिकवी. मला ही डोळे जाण्याची धास्ती म्हातारचळ वाटे आणि मी चेष्टाही करी.

एका चैत्रात चित्रांच्या नकला करायचं काम माझ्याकडे आलं. ताडून पाहायला मी कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. सूर्य स्वतःभोवती फिरतो, म्हणून त्याच्यावरचे डाग रोज थोडे सरकतात. सगळे सरकले होते. मधोमधचा एक मात्र वीस दिवस जागच्या जागी होता. मी टेकडीवर जाऊन बिंब कागदावर पाडून पाहिलं. मध्ये डाग नव्हता. दुर्बिणीशेजारी काजळी धरलेली काच मात्र सापडली. जगाला दटावणारे नाना स्वतः सरळ सूर्याकडे पाहत होते.

दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. सांगावं तर त्यांचं जगणंच काढून घेतल्यासारखं होईल, न सांगावं तर डोळा जाईल. शेवटी चित्रं पुढ्यात ठेवली.

"नाना, हा डाग सरकत नाही."

"कागदवर बारीक डाग दिसत नही, भाऊ." मग माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, "तो तुन्हा तोंडवर बी शे."

मग त्यांनी मला मोठ्या वेधशाळेला पत्र लिहायला लावलं, की मधला डाग सूर्याचा नाही, पाहणाऱ्याच्या डोळ्याचा आहे, तो खोडावा. खोटं चित्र मागे राहील, हीच त्यांना मोठी भीती.

"कोणता डोळा, नाना?"

"उजवा. डावा चांगला शे."

मी टाक हातात दिला. उजवा डोळा मिटून त्यांनी ठसठशीत सही केली, कागद सोडून टेबलावर.

"बरी उनी का?" त्यांनी विचारलं.

"छान आली, नाना," मी म्हणालो.