आबांची बत्ती बघायला गेलो तेव्हा

हसणार नसाल तर माझी फजिती सांगतो. आमचं दौंडचं छोटंसं संग्रहालय नवं कोरं, पण तिकडं काळं कुत्रं फिरकेना! साहेब म्हणाले, "लोकांच्या घरी जा. त्यांच्या वस्तू मागा, त्यांचं ऐका." रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका गार्ड आबांकडे जुनी हातबत्ती आहे, असं कळलं. लावला फोन.

"आबा, तुमच्याकडची बघायला येऊ का?"

आता काय सांगू तुम्हाला, 'बत्ती' हा शब्द तेवढा बोलायचा राहिला!

"या की! कुनी सांगितलं?"

"सगळ्या कॉलनीत नाव आहे तिचं. नीट जपलीय ना?"

"फुलावानी!"

"पसंत पडली तर लगेच घेऊन जाऊ."

"लगेच?" आबा जरा अडखळले. "बरं बरं, समोरासमोर बोलू."

रविवारी गेलो तर दारात रांगोळी, सतरंजीवर चार मामा-काका. मला वाटलं, वा, जुन्या वस्तूंबद्दल केवढी ही आस्था! पोहे आले. एका मामांनी विचारलं, "नोकरी पर्मनंट हाय का?"

"कंत्राटी," मी म्हणालो. मामांनी काकांकडं बघितलं.

मग साडी नेसलेली एक मुलगी चहा घेऊन आली. आबा म्हणाले, "ही आमची नात. सणसवाडीला कंपनीत हाय. इचारा काय इचारायचं ते."

मी विचारलं, "बत्ती कुठं आहे?"

मामांनी वर पंख्याकडं बघितलं. "गेली व्हय लाईट?"

उलगडा झाला तेव्हा धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं! नात पदर तोंडाला लावून हसत सुटली. आबांचा चेहरा मात्र एवढासा झाला. "डोळे मिटायच्या आत हिचं झालेलं बघावं, म्हणून म्या घाई केली." मला फार वाईट वाटलं. उठायला लागलो, तर त्यांनीच हाताला धरून बसवलं आणि आतून बत्ती आणली.

"मालगाडी यार्डात शिरली की म्या क्वार्टरकडं हिरवी दाखवायचो. ती दिसली की हिची आजी भाकरी थापाया घ्यायची. ती गेल्यापास्नं रोज पुसतो, पन पेटवत न्हाई."

मी चक्क गप्प बसून ऐकलं. मलासुद्धा हे जमतं तर!

"न्या. पन पाटीवर माझं नाव नगं. तिच्या भाकरीचं लिवा."

"लिहितो, आबा." मी दोन्ही हातांनी बत्ती घेतली.

नात दारापर्यंत सोडायला आली. खरं सांगू? तोवर मला तो गैरसमज आवडायला लागला होता. कंत्राटी असली म्हणून काय झालं, नोकरी ती नोकरीच! मी केस सारखे केले.

"एक सांगू?" ती हळूच म्हणाली.

"सांगा ना!"

"आजीची आठवण हाय ती. नीट सांभाळा हं, दादा."