जुन्या कंपायलरची एक ओळ

कर्वेनगरच्या त्या ऑफिसात कुणी कुणाला काही शिकवत नसे. मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मीही सांगायचे नाही. याला मी शिस्त म्हणायचे. खरं तर तो निव्वळ खडूसपणा होता.

मार्केट यार्डातल्या एका आडत्याचा वजनाचा प्रोग्राम आमच्याकडे होता. त्याच्या गाळ्यावरचा कॉम्प्युटर जुनापुराणा, आणि तो बदलायला आडत्या तयार नव्हता. त्यामुळे प्रोग्रामही जुन्याच कंपायलरने तयार करावा लागे. कंपायलर म्हणजे आम्ही लिहिलेलं यंत्राला कळेल असं करून देणारा. कंपायलर निवडून प्रोग्राम बांधून देणारं आमचं बिल्ड टूल मात्र आपणहून नवा कंपायलर उचलायचं. त्याला जुना घ्यायला लावण्याचं काम नव्याने आलेल्या एका गृहस्थांकडे गेलं.

ते माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. आधीची कंपनी बंद पडल्यावर दीड वर्ष घरी बसलेले, वारज्याहून स्कूटरवर यायचे. तीन महिन्यांच्या बोलीवर होते आणि हे काम बघूनच त्यांना कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. हे त्यांनीच मला डबा उघडता उघडता सांगितलं. मला ते केविलवाणे वाटले, आणि केविलवाण्या माणसांचा मला राग यायचा.

"मॅडम, दोन मिनिटं आहेत का?" हातात डायरी घेऊन ते विचारायचे.

"नाहीत. आणि आपल्याला वीस वर्षांचा अनुभव आहे असं ऐकलं होतं."

शेजारचे हसले. तेही हसले.

चौथ्या दिवशी त्यांनी मला बिल्ड टूलला द्यायच्या सूचनांची फाइल दाखवली. चूक एका नजरेत दिसली. प्रोग्राम कुठल्या आवृत्तीवर चालवायचा ती ओळ त्यांनी लिहिली होती, पण कुठल्या कंपायलरने बनवायचा ती राहिली होती. असा प्रोग्राम वरून जुना दिसतो आणि आतून नव्या गोष्टी वापरतो. आमच्या मशीनवर चालतो, जुन्यावर बंद पडतो.

"चालतंय की," मी म्हणाले. "न्या उद्या यार्डात."

त्यांचा चेहरा इतका खुलला की मला मजा वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऐन आवकेच्या वेळी, प्रोग्राम बंद पडला. काटा अडला, पोती तशीच राहिली. आडत्याने हमालांच्या देखत त्यांना हाकलून दिलं. दुपारी साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं, आणि टीममधली जुनी म्हणून मलाही.

"हे कुणी तपासलं होतं?"

मी टेबलाकडे बघत राहिले.

"कुणी नाही, सर," ते म्हणाले. "माझं मीच नेलं."

मी तोंड उघडलं असतं तर ते नोकरीवर राहिले असते. हे मला तेव्हाही कळत होतं, आणि तरी मी गप्प बसले. त्याची आजही लाज वाटते.

संध्याकाळी खण रिकामा करून ते माझ्याकडे आले. आता चार शब्द ऐकवतील असं वाटलं. त्यांनी डायरी उघडली.

"मॅडम, काय राहिलं होतं ते तुम्हाला माहीत असेलच. सांगता? पुढे कुठे लागलो तर उपयोगी पडेल."

मी सांगितलं. त्यांनी ती ओळ लिहून घेतली, मला वाचून दाखवली, बरोबर आहे ना असं विचारलं आणि आभार मानून गेले.

मी घड्याळ पाहिलं. दोन मिनिटंही लागली नव्हती.