चार माणसांचा भात

मुलीची एक वेणी घालून झाली होती आणि दुसरीचे केस माझ्या मुठीत होते. सासूबाई चहात साखर कमी पडल्याचं दुसऱ्यांदा सांगत होत्या, आणि हे एकच मोजा हातात धरून घरभर फिरत होते. तेवढ्यात दारावर हलकी थाप पडली.

"आज मंगळवार ना गं?" सासूबाईंनी विचारलं.

त्यांचं बरोबर होतं. तशी हलकी थाप आमच्या दारावर फक्त रविवारी पडते. समोरच्या छावणीच्या मागच्या फाटकातून एक फौजी येतो. तिथल्या भटारखान्यात तो स्वयंपाकी आहे. छावणीच्या जाड भिंतींआड फोन लागत नाही, आमच्या पायरीवर मात्र नीट लागतो. म्हणून गेली दोन वर्षं दर रविवारी दुपारी तो आल्याचं कळवायला थाप मारतो आणि तिथे उभा राहून घरच्यांशी बोलतो. बोलून झालं की पायरी हाताने झटकतो आणि जातो. बसलेला कधीच नसतो, तरी झटकतो.

दार उघडलं तर टोपी हातात, आणि चेहरा पार उतरलेला.

"ताई, रजा मिळाली. वीस दिवस. शुक्रवारी निघतोय."

"अहो, मग तोंड असं का?"

"बायकोचं पोटाचं ऑपरेशन झालंय. महिनाभर वाकायचं नाही, उचलायचं नाही. घरात ती, माझे वडील, मुलगी आणि मी. रांधायचं मला आहे." तो जरा घुटमळला. "आणि मला चार माणसांचा स्वयंपाक येत नाही."

हे हातातला मोजा विसरून हसत सुटले. "दीडशे माणसांना जेवू घालता ना हो तुम्ही?"

"साहेब, तेच तर दुखणं आहे! गेल्या रजेत हौसेने भात टाकला. सगळ्या गल्लीत वाटला तरी आम्हाला दोन दिवस पुरला. मीठ तर विचारूच नका, सवयीने मुठीनेच घातलं होतं. परवा बायको म्हणाली, 'तुम्ही नुसते शेजारी बसा, मीच उठेन हळूहळू.' ताई, टाके ओले आहेत तिचे. आणि ती उठेल. मी ओळखतो तिला."

मी उरलेली वेणी घातली, मुलीला शाळेत पिटाळलं आणि त्याला म्हटलं, "दहा वाजता या. तीन दिवस आहेत आपल्याकडे."

नाश्त्याची भांडी उरकून तो दहाच्या ठोक्याला हजर झाला. माझा डाव हातात घेऊन उलटसुलट पाहू लागला. "ह्याने ढवळायचं?" तिकडे तो स्टुलावर चढून दोन्ही हातांनी वल्ह्याएवढा लाकडी दांडा फिरवतो. साडेतीनला उठतो आणि सगळ्यांची ताटं वाढून झाली की शेवटी, उभ्याउभ्याच खातो. अकरा वर्षं झाली. हे त्याने तक्रार म्हणून नाही सांगितलं. मी खुर्ची पुढे केली तेव्हा, सवय नाही, एवढंच म्हणाला.

मापासाठी माझ्याकडे कान तुटलेला एक जुना कप आहे. चार माणसांना दोन कप तांदूळ, चार कप पाणी. मीठ चमच्याने. त्याने सगळं अगदी शिस्तीत केलं. पण भात अर्धा शिजतो न शिजतो तोच गॅस बंद केला, झाकण घातलं आणि वर माझा खलबत्ता ठेवून निवांत उभा राहिला.

"हे काय?"

"आता शिजेल की आपोआप. आमच्याकडे असंच करतात."

पाऊण तासाने झाकण काढलं तर दाणा दाताखाली कटकन वाजला. त्याचा चेहरा बघवेना. सासूबाई मात्र पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"अरे बाबा, तुझं पातेलं न्हाणीच्या हंड्याहून मोठं. ते आपल्याच उबेवर शिजवतं. एवढ्याशा भांड्याला कुठली आलीय ऊब? त्याच्याजवळ थांबावं लागतं."

"थांबायचं," तो म्हणाला. मान खाली घालून पुन्हा म्हणाला, "जवळ थांबायचं."

बुधवारी तो इतका जवळ थांबला की हलवून हलवून भाताची खळ केली. सासूबाईंनी तीही खाल्ली. दात नसलेल्यांची सोय झाली, म्हणाल्या.

गुरुवारी झाकण काढलं. दाणा न् दाणा सुटा होता. बटाट्याची भाजीही त्यानेच केली होती. तिखट बेताचं, मीठ बेताचं. मी त्याला हाताला धरून खाली बसवलं आणि पहिलं ताट त्याला वाढलं.

"आधी आजींना..."

"आजी गेल्या तीन दिवसांत तुझ्या हातचं बरंच सोसून बसल्यात," सासूबाई म्हणाल्या. "जेव मुकाट्याने."

तो जेवला. सावकाश, ताटाकडे बघत. मी न विचारता पुन्हा भात वाढला तेव्हा त्याने डोळे मनगटाने पुसले आणि भाजी तिखट झाली का, असं विचारलं. नव्हती झाली. पण सासूबाई म्हणाल्या, "हो, जरा झालीय खरी."

मी नको नको म्हणत असतानाही त्याने पातेलं घासून पालथं घातलं. मग टोपी चढवली.

"ताई, दोन वर्षं तुमच्या पायरीवर उभा राहिलो. तुमच्या मुलीने माझं बोलणं ऐकलं असेल, आजींनी माझं रडणंही ऐकलं असेल. पण कुणी कधी 'आटपा आता' म्हटलं नाही. मी रोज मनात आभार मानतो. तोंडाने आज मानतोय."

पायरी काय, होतीच तिथे.

"डबा देऊ का बरोबर प्रवासाला?" मी विचारलं.

"नको. पण एक मागतो." त्याने ओट्यावरून तो कान तुटलेला कप उचलला. "हा द्या मला. वीस दिवसांसाठी. परत आणून देईन."